भावपत्रकाची ईमेल आउटलुक, जीमेल, राउंडक्यूबमध्ये नीट दिसावी म्हणून: प्रकल्प नोंदी

काम: समुद्रपूर तालुक्यातील (जि. वर्धा) शेतकरी उत्पादक कंपनीचे मासिक भावपत्रक ईमेलने पाठवणे. माल: हळकुंड, गड्डा (हळदीचा मूळ कंद), हळद पावडर, तूर, तूरडाळ (साधी व फटका, म्हणजे वरच्या प्रतीची). पत्रक जाते मसाला कारखाने, डाळ व्यापारी, वसतिगृहांच्या मेस आणि किराणा साखळ्यांच्या खरेदी विभागांकडे. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश होऊन मार्चमध्ये विक्रीला येते. त्याआधी नवे टेम्प्लेट (ईमेलचा साचा) तयार हवे.

२ फेब्रुवारी २०२६

खरेदीदार मेल कशात उघडतात, हे आधी शोधले. मेल उघडल्याची मोजणी करणारे ठिपक्याएवढे चित्र यासाठी भरवशाचे नाही. जीमेल २०१३च्या डिसेंबरपासून चित्रे स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणतो. ॲपल मेल सप्टेंबर २०२१पासून, गोपनीयतेची सोय चालू असेल तर, चित्रे आपोआप आधीच उतरवून ठेवते. आउटलुक, थंडरबर्ड आणि राउंडक्यूब हे मेल वाचण्याचे प्रोग्राम तर विचारल्याशिवाय बाहेरची चित्रे आणतच नाहीत. त्यामुळे त्या मोजणीतून खरेदीदाराचा प्रोग्राम कळत नाही.

खरेदीदारांची जुनी उत्तरे काढून त्यांचे हेडर (मेलसोबत जाणाऱ्या तांत्रिक नोंदी) वाचले. ‘एक्स-मेलर’च्या ओळीत आउटलुक स्वतःचे नाव लिहितो. थंडरबर्ड आणि राउंडक्यूबचे नाव ‘युजर-एजंट’च्या ओळीत सापडते. आउटलुकपुढे ‘१६.०’ दिसले म्हणून ते २०१६चेच असे समजू नये, कारण २०१६, २०१९, २०२१ आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ हे सगळे हाच आकडा लिहितात. उत्तर जिथून कधीच आले नाही, तिथे डोमेनची (पत्त्यातल्या @ पुढच्या नावाची) एमएक्स नोंद, म्हणजे मेल कोणत्या सर्व्हरकडे जाते ती नोंद, पाहिली. त्यातून गूगल, मायक्रोसॉफ्ट, झोहो की साध्या होस्टिंगचा सर्व्हर एवढे कळते. मात्र एमएक्स फक्त सर्व्हर सांगते, मेल वाचण्याचा प्रोग्राम नाही. गूगलचा सर्व्हर असूनही टेबलावर आउटलुक असते, असे हिशेब विभागात हमखास आढळते.

चाचणीची यादी ठरली: विंडोजवरचे जुने आउटलुक, नवे आउटलुक, ब्राउझरमधला जीमेल, अँड्रॉइडवरचा जीमेल, झोहो मेल, होस्टिंगसोबत येणारे राउंडक्यूब, थंडरबर्ड, आयफोनवरचे मेल.

४ फेब्रुवारी

जुने पत्रक तपासले. सगळे पत्रक म्हणजे एकच उभे चित्र, तेही २४०० पिक्सेल उंच. आउटलुकमध्ये चित्रे बंद, म्हणून उघडताच पांढरी चौकट आणि लाल फुली. ‘चित्रे उतरवा’ दाबले तरी जुने आउटलुक १७२८ पिक्सेलपेक्षा उंच चित्र कापते. तूरडाळीचे भाव नेमके त्या कापलेल्या भागात होते.

ठरले: भाव, साठा आणि फोन क्रमांक चित्रात राहणार नाहीत. सगळी चित्रे बंद असतानाही पत्रक पूर्ण वाचता आले पाहिजे. पुढची प्रत्येक चाचणी आधी चित्रे बंद ठेवून होईल.

७ फेब्रुवारी

सांगाडा. विंडोजवरचे आउटलुक २००७पासून एचटीएमएल (मेलची मांडणी सांगणारी भाषा) दाखवायला वर्डचे इंजिन वापरते. त्याआधी ते इंटरनेट एक्सप्लोररचे होते. वर्ड हे कागदावर मांडणी करणारे साधन आहे. त्याला मॅक्स-विड्थ (कमाल रुंदी) कळत नाही, फ्लोट (भाग बाजूला सरकवणे) कळत नाही, डिव्हवरचे (साध्या कप्प्याचे) पॅडिंग (आतली मोकळी जागा) धड कळत नाही, गोल कोपरे कळत नाहीत. टेबल मात्र चांगले कळते, म्हणून सगळी मांडणी टेबलांवर केली. नवे आउटलुक वेबच्या इंजिनावर चालते आणि तिथे हे प्रश्न नाहीत. पण जुने आउटलुक किमान २०२९पर्यंत चालू ठेवण्याचे मायक्रोसॉफ्टने सांगितले आहे. शिवाय २०१६ आणि २०१९ची अधिकृत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ला संपली असली, तरी त्या दिवशी कोणी संगणक बदलत नाही.

बाहेरचे टेबल १०० टक्के रुंद. त्यात फक्त आउटलुकने वाचायच्या सशर्त टिप्पणीत ६०० पिक्सेलचे टेबल, आणि इतर सगळ्यांसाठी कमाल ६०० रुंदीचा डिव्ह. असे केले की आउटलुकला ठरलेली रुंदी मिळते आणि फोनवर पत्रक आपोआप आक्रसते. प्रत्येक मांडणी-टेबलाला सेलपॅडिंग, सेलस्पेसिंग, बॉर्डर तिन्ही शून्य आणि रोल ‘प्रेझेंटेशन’ दिला, म्हणजे स्क्रीन वाचणारे साधन ‘ओळ एक, स्तंभ एक’ असे बोलत बसत नाही. खऱ्या भावतक्त्याला हा रोल दिलेला नाही, कारण तिथे स्तंभांची नावे ऐकू यायलाच हवीत.

परिच्छेदांचे मार्जिन प्रत्येक ठिकाणी ओळीतच शून्य लिहिले. अंतर हवे तिथे सेलचे पॅडिंग.

११ फेब्रुवारी

भावतक्ता. डावी-उजवीकडे २४ पिक्सेल सोडून ५५२ उरतात. चार स्तंभ: माल २१६, मग भाव, साठा, भरती (एका पोत्यातले वजन) प्रत्येकी ११२. रुंदी अॅट्रिब्यूटमध्ये (टॅगमध्येच लिहिलेले माप) आणि स्टाइलमध्ये (रूपाचे नियम) अशी दोन्हीकडे लिहिली. वर्डच्या इंजिनात एका ओळीतल्या एका सेलचे वरचे पॅडिंग जास्त असेल तर बाकीच्या सेलही तेवढ्या खाली सरकतात. म्हणून एका ओळीतल्या सगळ्या सेलना वर-खाली सारखेच १० पिक्सेल.

भावाचे आकडे उजव्या कडेला, आकडा आणि एकक यांच्यात न तुटणारी मोकळी जागा. ती नसली की अरुंद पडद्यावर आकडा एका ओळीत आणि ‘क्विंटल’ दुसऱ्या ओळीत जातो. रुपयाचे ₹ चिन्ह २०१०मध्ये आले, म्हणजे त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते नाही. जुन्या विंडोजवर तिथे चौकोन दिसतो, म्हणून तक्त्यात ‘रु.’ लिहिले.

आयफोन फोनसारखे दिसणारे आकडे आणि तारखा ओळखून त्यांना निळ्या दुव्याचे रूप देतो. हिरव्या पट्टीवर निळे अक्षर वाचता येत नाही. ॲपलच्या त्या आपोआप दुव्यांसाठी वेगळा नियम हेडमधल्या (एचटीएमएलच्या न दिसणाऱ्या वरच्या भागातल्या) स्टाइलमध्ये घातला: रंग आजूबाजूच्या मजकुराचा, अधोरेखा नाही. कंपनीच्या स्वतःच्या फोन क्रमांकाला मात्र मुद्दाम दुवा दिला, तो बोट लावून लागायलाच हवा.

१४ फेब्रुवारी

देवनागरी. पूर्ण दिवस गेला.

पहिली अडचण मजकुरातच. मालाची वर्णने गोदामातून जुन्या, युनिकोड (सगळ्या यंत्रांवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टंकून येतात. आपल्याकडे अजूनही बऱ्याच कचेऱ्यांमध्ये कृतीदेव आणि श्रीलिपी चालतात. पाठवणाऱ्याच्या पडद्यावर ‘हळकुंड’ दिसते, खरेदीदाराकडे रोमन अक्षरांचा चिवडा पोहोचतो, कारण आत खरोखर रोमन अक्षरेच असतात आणि तो फॉन्ट त्याच्याकडे नाही. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलायचा आणि मग डोळ्यांनी वाचायचा. बदलणारी साधने रफार आणि पहिली वेलांटी चुकीच्या जागी टाकतात. ‘आर्द्रता’ आणि ‘किलो’ हे दोन शब्द तपासले की साधन कितपत विश्वासाचे आहे ते लगेच कळते.

दुसरी, ओळीची उंची. आउटलुकला उंची नेमकी पाळायला लावण्यासाठी ‘एमएसओ-लाइन-हाइट-रूल: एक्झॅक्टली’ असे लिहायची पद्धत आहे. रोमन लिपीसाठीचे तयार टेम्प्लेट १६ पिक्सेल अक्षराला २० पिक्सेल उंची देते. वर्ड ती उंची अक्षरशः पाळते आणि तिच्या बाहेरचे सगळे कापते: ‘र्की’चा रफार आणि वेलांटी वरून, ‘कुं’चा उकार खालून. २४ला उकार शाबूत राहिला, रफार अर्धाच. २८ला सगळे सुटले. नियम ठेवला: अक्षर १६ तर ओळ २८, मथळा २४ तर ओळ ४०.

तिसरी, मथळ्याला दिलेले अक्षरांमधले अंतर. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते, शब्दाचे तुकडे दिसतात. सगळीकडून काढले. तिरपी अक्षरेही काढली. ठसठशीतपणासाठी जाड अक्षर आणि रंग पुरतात.

फॉन्टची रांग: निर्मला यूआय (विंडोज ८पासून), मंगल (त्याआधीचे विंडोज), कोहिनूर देवनागरी (ॲपल), नोटो सान्स देवनागरी (अँड्रॉइड), शेवटी सान्स-सेरिफ. बाहेरून उतरवायचा वेब फॉन्ट घेतला नाही. जीमेल तो घेत नाही, आणि जुने आउटलुक अनोळखी वेब फॉन्ट पाहून पुढची रांग सोडून टाइम्स न्यू रोमनवर जाते. स्टाइलमध्ये फॉन्टची नावे एकेरी अवतरणात. दुहेरी अवतरण अॅट्रिब्यूट मध्येच बंद करते आणि त्यापुढची सगळी स्टाइल गळते. ही चूक ब्राउझरमध्ये लगेच दिसते, पण संपादकाच्या पूर्वदृश्यात दिसत नाही.

भाषा ‘एमआर’ (मराठीचा संकेत) नोंदवली. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ येतात. नोंदवली नाही तर हिंदी वळणाचे. वाचण्यात फरक पडत नाही, पण आपल्या पत्रकात आपला ‘ल’ असावा.

१७ फेब्रुवारी

विषयाची ओळ. चाचणीत ‘हळकुंड व तूरडाळ: मार्चचे भाव’ या विषयात ‘मार्च’चा ‘म’ गेला, तिथे प्रश्नचिन्हाचे दोन काळे हिरे आले. कारण मोजून सापडले.

विषयाच्या हेडरमध्ये रोमन नसलेली अक्षरे सांकेतिक तुकड्यांत जातात आणि एक तुकडा ७५ वर्णांपेक्षा मोठा चालत नाही. तुकड्याच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या खुणा १२ वर्ण खातात, ६३ उरतात. बेस-६४ (मजकूर साध्या रोमन वर्णांत बदलण्याची पद्धत) चाराच्या पटीत चालते, म्हणून ६०. त्यात ४५ बाइट मावतात. यूटीएफ-८मध्ये (युनिकोड साठवण्याची पद्धत) देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे असते, म्हणजे एका तुकड्यात १५ चिन्हे. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त यांची गणती वेगवेगळी.

‘हळकुंड व तूरडाळ’ यात १३ देवनागरी चिन्हे आणि २ मोकळ्या जागा, म्हणजे ४१ बाइट. विसर्गासारखे ते रोमन चिन्ह ४२वा बाइट, मोकळी जागा ४३वा. पाठवणारी स्क्रिप्ट डोळे झाकून ४५वर कापत होती. त्यामुळे ‘म’चे दोन बाइट पहिल्या तुकड्यात आणि तिसरा दुसऱ्यात गेला. मानकानुसार एक अक्षर दोन तुकड्यांत विभागता येत नाही. काही प्रोग्राम तुकडे आधी जोडतात आणि मग वाचतात, तिथे विषय नीट दिसला, म्हणून चूक इतके दिवस लपली. हाताने कापणे बंद केले, हे काम पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या तयार ईमेल लायब्ररीकडे दिले.

मुख्य मजकुराचेही पाहिले. संपादक देवनागरी अक्षराचे अंकी रूप करून ठेवत होता. ‘म’साठी अँड, हॅश, २३५० आणि अर्धविराम, म्हणजे ३ बाइटच्या जागी ७. सरळ यूटीएफ-८ ठेवले. प्रवासासाठी बेस-६४, त्यात एका चिन्हाला ४ वर्ण लागतात. कोटेड-प्रिंटेबल या दुसऱ्या पद्धतीत त्याच चिन्हाला ९ लागतात. रोमन मजकुराला ती पद्धत सोयीची, मराठीला नाही.

२१ फेब्रुवारी

चित्रे आणि बटण. चित्रे दोनच: वरती बोधचिन्ह आणि हळकुंडाचा एक फोटो. वायगाव हळदीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तो उल्लेख अक्षरांत ठेवला, शिक्क्याच्या चित्रात नाही. फोटो १२०० पिक्सेल रुंद, दाखवायचा ६००. रुंदी अॅट्रिब्यूटमध्येही लिहायची, नाहीतर जुने आउटलुक १२००च दाखवते आणि पत्रक उजवीकडे फुटते. फोटोचा प्रकार जेपेग. वेबपी जुन्या आउटलुकला उघडत नाही, एसव्हीजी जीमेलला चालत नाही. दोन्ही चित्रे मिळून १५० केबीच्या आत, कारण हिंगणघाटच्या बाजारात उभे राहून मोबाइलवर उघडणारेही आहेत.

पर्यायी मजकूर ‘फोटो’ असा लिहू नये. ‘पॉलिश केलेले हळकुंड, समुद्रपूर’ असा लिहिला आणि त्याला अक्षराचा आकार व रंगही दिला. चित्र बंद असताना तोच मथळ्यासारखा दिसतो.

पडद्यावरचे सगळे १२५ टक्के मोठे दाखवणाऱ्या लॅपटॉपवर जुन्या आउटलुकमध्ये मांडणी विस्कटली. अक्षरे आणि स्टाइलमधली मापे मोठी होतात, अॅट्रिब्यूटमधली होत नाहीत. उपाय दोन, दोन्ही हवेत: हेडमध्ये ऑफिसच्या सेटिंगमध्ये ‘पिक्सेल्स पर इंच ९६’ लिहिणे, आणि वर एचटीएमएलच्या उघडत्या टॅगमध्ये ऑफिसचे नेमस्पेस (त्याच्या खास टॅगच्या नावांचा संच) नोंदवणे. दुसरे विसरले तर पहिले काम करत नाही आणि चूकही दाखवत नाही.

बटण: सेलला पार्श्वरंग, आत दुवा. गोल कोपऱ्यांसाठी आउटलुकला व्हीएमएलची (मायक्रोसॉफ्टची आकृत्या काढण्याची जुनी भाषा) वेगळी आकृती द्यावी लागते, तिची रुंदी ठरलेली असते आणि बटणावरचा मराठी शब्द बदलला की मोजमाप पुन्हा. घेतले नाही. आउटलुकमध्ये चौकोनी कोपरे दिसतील, चालेल.

२५ फेब्रुवारी

जीमेल. १०२ केबीपेक्षा मोठे एचटीएमएल तो कापतो आणि खाली ‘पूर्ण संदेश पाहा’ असा दुवा देतो. नोंदणी रद्द करण्याचा दुवा नेमका तळाशी, म्हणजे तोच लपतो. वर्डमधून चिकटवलेल्या मजकुरासोबत प्रत्येक शब्दाभोवती स्टाइलचा कचरा येतो, आकार तिथेच फुगतो. मजकूर आधी नोटपॅडमध्ये, मग टेम्प्लेटमध्ये.

हेडमधली स्टाइल जीमेल २०१६पासून वाचतो. पण जीमेलच्याच ॲपमध्ये दुसऱ्या कंपनीचे खाते जोडलेले असेल तर वाचत नाही. दुकानदारांकडे हे सर्रास असते: खाते होस्टिंगचे, ॲप जीमेलचे. त्यामुळे रंग, आकार, पॅडिंग सगळे टॅगवरच. हेडमध्ये फक्त फोनसाठीचे किरकोळ फेरफार.

चाचणी करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे: एकाच विषयाचे मेल पुन्हा पुन्हा पाठवले तर जीमेल ते एका साखळीत बांधतो आणि आधीसारखा मजकूर तीन ठिपक्यांमागे दडवतो. तळ गायब झाला म्हणून टेम्प्लेट तपासत बसू नये. प्रत्येक चाचणीला विषयात नवा क्रमांक घालावा.

२८ फेब्रुवारी

गडद पडदा (डार्क मोड). बोधचिन्हाची काळी अक्षरे पारदर्शक पार्श्वभूमीवर होती, गडद आउटलुकमध्ये दिसेनाशी झाली. अक्षरांभोवती पांढरी कड दिली. हळदी पिवळ्या पट्टीवरची पांढरी अक्षरे उजेडातही फिकी होती, ती गडद तपकिरी केली.

४ मार्च

पाठवण्याची बाजू. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरेच आपल्या डोमेनवरून आल्याचे पटवणाऱ्या खुणा) तिन्ही लावले. एसपीएफमध्ये डीएनएसच्या (डोमेनच्या नोंदी ठेवणारी यंत्रणा) १० शोधांची मर्यादा आहे, वापरात नसलेल्या जुन्या सेवांची नावे काढली. दिवसाला ५००० मेल पाठवणाऱ्यांसाठी जीमेलने फेब्रुवारी २०२४पासून हे बंधन घातले. आपली यादी त्याच्या जवळपासही नाही, तरी मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर या खुणा पाहूनच मेल आत घेतात.

एका टिचकीत नोंदणी रद्द करण्याचे हेडर घातले. इथे एक खाचखळगा आहे. कंपन्यांची सुरक्षा-यंत्रणा मेलमधला प्रत्येक दुवा आधी स्वतः उघडून पाहते. दुवा नुसता उघडल्याने नाव कमी होत असेल तर खरेदीदाराने मेल वाचण्याआधीच तो यादीतून गळतो. म्हणून हेडरमधली विनंती ‘पोस्ट’ प्रकारची (दुवा नुसता उघडल्याने न जाणारी), आणि तळाच्या दुव्यावर वेगळे ‘नाव काढा’ बटण. त्याच कारणाने दुवा किती जणांनी दाबला हा आकडा खरेदी विभागांच्या बाबतीत धरायचा नाही.

साध्या मजकुराची प्रतही सोबत. मेलमध्ये ती आधी आणि एचटीएमएल शेवटी लागते, उलट झाले तर प्रोग्राम साधीच प्रत दाखवतात. त्या प्रतीत मोकळ्या जागा टाकून स्तंभ जुळवू नयेत. देवनागरी अक्षरे सारख्या रुंदीची नसतात, स्तंभ नागमोडी होतात. एका मालाला एक ओळ: नाव, भाव, साठा.

७ मार्च

सगळ्यात महत्त्वाची चाचणी आजची. आधीच करायला हवी होती.

भावपत्रक ज्याला पाठवतो तो ते वाचून ठेवत नाही. खरेदी विभागातला कर्मचारी ‘कृपया पाहावे’ एवढे लिहून साहेबांना पुढे पाठवतो. निर्णय घेणारा माणूस आपले मूळ मेल पाहतच नाही, पुढे पाठवलेले पाहतो. जुन्या आउटलुकमधून पुढे पाठवताना वर्ड सगळे एचटीएमएल नव्याने लिहून काढते. हेडमधली आपली स्टाइल जाते, सशर्त टिप्पणीतले ६०० पिक्सेलचे टेबल खरे टेबल बनते, आणि फोनवर उघडले की पत्रक आक्रसत नाही, आडवे सरकवावे लागते. साहेब फोनवरच उघडतात.

टाळता येण्यासारखे हे नाही. मोडले तरी वाचता यावे, असे तक्त्याचे बदल केले:

स्तंभांचा क्रम माल, भाव, साठा, भरती हाच पक्का. पडद्याबाहेर गेलेच तर भरती जाईल, भाव नाही. आधीच्या नमुन्यात भाव शेवटी होता.

‘भाव ३१ मार्चपर्यंत, माल समुद्रपूर गोदामातून’ ही ओळ तक्त्याच्या वर परिच्छेदात होती. ती तक्त्याचीच पहिली ओळ केली. कोणी फक्त तक्ता उचलून चिकटवला तरी मुदत सोबत जाते. जुन्या भावाने ऑर्डर येऊन वाद होतो तो याच ओळीअभावी.

फोनवर स्तंभ एकाखाली एक रचणारा फेरफार काढून टाकला. पुढे पाठवल्यावर तो टिकत नाही, आणि दोन जण फोनवर बोलताना एकाला तक्ता दिसतो, दुसऱ्याला यादी. दोघांच्या डोळ्यांपुढे एकच आकृती हवी.

फोन क्रमांक तळाशी होता, तो तक्त्याच्या शेवटच्या ओळीतही घातला.

पुन्हा चाचणी: आउटलुकमधून जीमेलला, जीमेलमधून आउटलुकला, आउटलुकमधून राउंडक्यूबला, प्रत्येकी दोनदा पुढे पाठवून. चित्रे सगळीकडे बंद. भाव, मुदत आणि फोन आठही प्रोग्रामांत वाचता आले. राउंडक्यूबमध्ये पट्टीचा रंग गेला, अक्षरे राहिली.

१० मार्च

पाठवले. सकाळी ११ची वेळ, खरेदी विभाग कामाला लागलेले असतात. आधी कंपनीच्या स्वतःच्या पाच पत्त्यांवर, अर्ध्या तासाने पूर्ण यादीवर.

१३ मार्च

राहिलेली कामे. एका मसाला कारखान्याकडून फटका डाळीच्या ओळीत ‘फट’ आणि ‘का’ वेगवेगळ्या ओळींवर आल्याचे चित्र मिळाले. तिथे अक्षरांचा आकार वाढवलेला आहे. मालाचा स्तंभ २१६वरून २४० करायचा, भरतीचा ११२वरून ८८, ‘५० किलो’ त्यात मावते. चाचणीच्या संगणकावरचे जुने आउटलुक काढायचे नाही, त्यावर तशी चिठ्ठी लावली आहे. एप्रिलच्या पत्रकात गड्ड्याची ओळ हळकुंडाखाली वेगळी येईल. तिचा मजकूर गोदामातून युनिकोडमध्येच मागवायचा.